दार लावणारा हात

ऑफिसातल्या सगळ्याजणी माझ्या हाताला हसल्या, आणि तो हात माझा आहे हे त्यांच्यापैकी एकीलाही ठाऊक नव्हतं. दुपारचे डबे उघडलेले होते. नव्याने रुजू झालेली संचिता रोज जेवताना मोबाईल पाण्याच्या बाटलीला टेकवून काहीतरी लावते, कधी रेसिपी, कधी मारामारी. आज म्हणाली, मॅडम, तुमच्या जामसंड्याकडचा भुताचा पिक्चर आलाय, कॉलेजच्या पोरांनी काढलेला, घाबरायला होत नाही पण हसून पुरेवाट होते. मी मान वर केली नाही. पिक्चर कुठला ते मला कळलं होतं. आमच्या घराच्या दाराचा आवाज मला कुठेही ओळखू येतो, आधी कुरकुर आणि मग एक ठोका. संचिताने चित्र थांबवलं, मागे नेलं, पुन्हा लावलं. "आईचा हात बघा," ती म्हणाली, "आधी सुरकुतलेला, आणि दार लावताना एकदम तरणा. एवढीसुद्धा अक्कल नाही यांना." सगळ्या हसल्या. मग मीही बघितलं. हिरव्या बांगड्या आईच्या होत्या, हात माझा होता. चहाचा कप धरताना माझी करंगळी बाहेर येते तशी ती कडीवरही बाहेर आलेली होती, आणि दाराच्या फटीत एक ओला चेहरा अरुंद अरुंद होत चालला होता. तो विनीत. माझा धाकटा भाऊ. संचिता सावंतवाडीकडची, तिला हे कुणी सांगितलेलं नाही, आणि मीही ऑफिसात सांगत नाही. मी डाव्या हाताने डबा बंद केला. उजवा हात मांडीवर होता, तो तसाच टेबलाखाली राहू दिला.

तसाही माझा अर्ध्या दिवसाचा रजेचा अर्ज मंजूर झालेला होता. ओरोसच्या ऑफिसातून निघाले तेव्हा ऊन डोक्यावर होतं, आणि एसटीत खिडकीची जागा मिळाली याचा मला नेहमीसारखा आनंद झाला. मग त्या आनंदाची लाज वाटली. उद्या सकाळी समुद्रकाठी विनीतचा दर्भाचा पुतळा जाळायचा आहे. समुद्रात गेलेल्याचं शरीर मिळालं नाही की आमच्याकडे असं करतात. दर्भाचं माणूस करायचं, डोक्याच्या जागी नारळ, त्याला नाव आणि गोत्र द्यायचं, अग्नी द्यायचा, आणि मग पुढचं सगळं रीतसर. एवढं झालं की घरच्यांनी वाट बघणं सोडायचं. वडील आधीच गेलेले, विनीतचं लग्न झालेलं नव्हतं, मुंबईचा चुलतभाऊ फोन उचलत नाही, तेव्हा भटजी म्हणाले की बहिणीचा हात चालेल. अडचण एवढीच आहे की आईने हो म्हटलेलं नाही. नाही असंही म्हटलेलं नाही. तिच्यापुढे विषय काढला की ती तांदूळ निवडायला घेते, आणि आमच्या घरचे तांदूळ इतके निवडून झालेत की त्यात खडा सापडला तर मीच नवस फेडीन. आईने हो म्हटल्याशिवाय मी काडी ओढणार नाही, असं मी ठरवलं होतं. नांदगाव तिठ्यापर्यंत ते ठाम होतं. तिठ्यावर गाडी वळली आणि मला वाटायला लागलं की आईने हो म्हटलं तर काय करायचं, त्याचा आपण विचारच केलेला नाही.

त्या पिक्चरचं नाव 'ओहोटीक इलो'. ओमकारने लिहिला, ओमकारनेच काढला. तो विनीतचा शाळेपासूनचा मित्र. दोघांनी मिळून आयुष्यात केलेलं हे एकमेव धड काम, असं आई म्हणायची, आणि तेही धड झालंय की नाही हे बघितल्यावर सांगेन, असंही म्हणायची. गोष्ट अशी की कॉलेजची पोरं समुद्रावर मजा करायला जातात, त्यातला एक बुडतो, सापडत नाही, घरचे त्याचा पुतळा जाळतात, आणि त्यानंतर तो रोज ओहोटीच्या वेळेला एकेका मित्राच्या दारात येऊन उभा राहतो. बुडणारा विनीत. पैसे कुणाकडेच नव्हते, म्हणून नारळाची सोडणं, म्हणजे वरची सालं, घमेल्यात पेटवून धुकं केलेलं, रक्त म्हणून कोकमाचं आगळ, त्याला मुंग्या लागायच्या आणि मेलेली पोरं मध्येच उठून अंग झटकायची. चांदणं म्हणजे विनीतच्या टेम्पोचे दिवे. आंब्याच्या पेट्या वाशीला नेणारा तो टेम्पो, त्यावर पुढे 'आईचा आशीर्वाद' लिहिलेलं, ते चित्रात येऊ नये म्हणून माझी साडी टाकलेली. आणि विनीतला भिजवायला विहिरीचं पाणी. डिसेंबरची थंडी, दर वेळेला एक बादली डोक्यावर, आणि भूत कुडकुडत विचारायचं, झाला काय रे, झाला काय. मी त्यांच्याकडे कपडे सांभाळायला होते. तेव्हा मला वाटलं होतं की मी माझी हक्काची रजा फुकट घालवतेय. आता गाडीत बसून वाटत होतं की त्याआधीच्या आणि त्यानंतरच्या सगळ्या रजा फुकट गेल्या, तेवढी एक सोडून.

पुतळा जाळण्याचा प्रसंग खरा दिसला पाहिजे असा ओमकारचा हट्ट. त्याने खऱ्या भटजींना गळ घातली. म्हातारा भला माणूस, पोरांची हौस म्हणून आला, दर्भ घेऊन आला, आणि कॅमेरा सुरू झाल्यावर विसरला की हे खोटं आहे. मला अजून दिसतं. दुपारची वेळ, वाळू तापलेली, भटजी मांडी घालून बसलेले, मोबाईल तिवईवर लावलेला. त्यांनी आयुष्यभराच्या सवयीने विचारलं, नाव काय, गोत्र काय. कथेतल्या पोराचं नाव राघव होतं. ते सांगायचं काम ओमकारचं, पण तो कॅमेऱ्यात डोळा घालून बसलेला. विनीत बाजूला कागदात भेळ खात होता. सत्यनारायणाला, गणपतीला, नव्या टेम्पोच्या पूजेला, भटजींनी विचारलं की त्याने सांगायचं, ही घरची रीत, वडील गेल्यापासून. त्याने घास गिळला आणि सांगितलं. "विनीत. गोत्र कश्यप." आमचं गोत्र आम्हाला नक्की माहीत नाही, माहीत नसलं की कश्यप सांगतात. भटजींनी नाव उच्चारलं, मंत्र म्हटला, नारळाला तूप लावलं आणि पुतळा पेटला. तो भसाभसा पेटल्यावर सगळ्यांच्या ध्यानात आलं. ओमकार म्हणाला, परत करूया. भटजींचा चेहरा तेव्हा उतरला होता. ते म्हणाले, "पुतळो दोनदा जाळूचो नसता." मग काय, पिक्चरमधल्या पोराचंच नाव विनीत झालं, सगळ्यांनी मागचे संवाद बदलून म्हटले, आणि विनीत ऐटीत फिरत राहिला की माझ्या नावाचा पिक्चर आहे. आवरताना भटजी त्याला हळूच म्हणाले की पुतळा जाळलेला माणूस परत घरी आला तर त्याला नवं जन्मलेलं मूल धरतात, न्हाऊ घालतात, पाळण्यात घालून पुन्हा नाव ठेवतात, तेवढं करून घ्या. घरी आल्यावर आम्ही यावर पोट धरून हसलो. एवढ्या मोठ्या घोड्याला पाळणा कुठला, आई म्हणाली, आंब्याची जाळी बांधूया. मग आंब्याचा हंगाम आला आणि ते राहून गेलं.

नाव घेतल्याने माणूस जात नाही. तसं असतं तर आमच्या ऑफिसात रोज माणसं मेली असती, चुकीच्या नावावर शिक्का मारणं हे आमच्या अंगवळणी पडलेलं काम आहे. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगते. ज्या गोष्टीवर आपला विश्वास नाही ती इतक्यांदा सांगावी का लागते, हे मात्र मला कळत नाही. तळेबाजारला गाडी थांबली, शाळेची पोरं चढली, त्यांच्या दप्तरांनी माझे गुडघे सोलले. त्यातला एकजण दुसऱ्याला दार लावून घे म्हणाला, तर मी दचकले. कारण दाराचा तो प्रसंग. तोच खरा पिक्चर होता, बाकी नुसता धूर. भूत शेवटी आपल्या घरी येतं, आई दार उघडते, त्याला बघते आणि दार लावते. बस्स. आईचं काम करायला बाई मिळाली नाही म्हणून आमच्या आईला उभी केली, सावित्री या तिच्या खऱ्या नावासकट. ती हौशीने हिरव्या बांगड्या भरून आली. दार उघडण्यापर्यंत सगळं छान झालं. समोर विनीत, निथळणारा, तोंडाला पिठाचा पांढरा रंग, ओठ थंडीने खरोखरीच निळे. आई त्याच्याकडे बघायची आणि विचारायची, "जेवलंस रे?" ओमकार कपाळाला हात लावायचा. पुन्हा पाणी, पुन्हा दार, पुन्हा तेच. ओमकारने हात जोडून समजावलं की काकी, तो आता भूत आहे, त्याला आत घ्यायचं नाही, दार लावायचं. आईने नीट ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि म्हणाली, "भूत झालो म्हणान काय उपाशी रवतलो?" विनीत हसून हसून उंबऱ्यावर बसला. पुढच्या वेळेला आई बोलली नाही, पण दारावरचा तिचा हात हललाच नाही. ती नुसती उभी राहिली. मोबाईलची बॅटरी संपत आली होती, पोरं कंटाळली होती, विनीतला शिंका सुरू झाल्या होत्या. तेव्हा मी आईच्या बांगड्या काढून माझ्या हातात चढवल्या, तिच्या पदराचं टोक मनगटावर घेतलं आणि दार लावलं. एका झटक्यात झालं. ओमकार म्हणाला, ताई, वा. बाहेरून विनीत ओरडला, आता उघड गो, मराक झालंय थंडीन. मी उघडलं. तेव्हा उघडता आलं.

पुढच्या वर्षी, पाऊस ओसरून नारळीपौर्णिमेनंतरच्या दिवसांत, बाबलीच्या होडीवर एक माणूस कमी पडला. बाबली आमचा शेजारी, आपल्या होडीने मासेमारी करतो. टेम्पोला तेव्हा काम नव्हतं, विनीत म्हणाला, मी येतो. वारा उलटला, होडी उलटली. बाबली बोया धरून तरंगत राहिला, दुसऱ्या होडीने त्याला काढलं. विनीतनेही तोच बोया धरला होता, असं बाबली सांगतो, आणि मग नव्हता धरलेला. एवढंच तो सांगू शकतो. किती वेळा विचारलं तरी त्या दोन वाक्यांच्या मध्ये त्याच्याकडे काही नाही. मधूनमधून तो आमच्याकडे बांगडे आणून देतो, आई घेते, त्याला चहा देते, आणि तो गेल्यावर तिघांचं जेवण करते. ती रडलेली मी पाहिलेली नाही. एकदाच, वर्षश्राद्धाचा विषय कुणीतरी काढल्यावर, ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तेचा नाव परत ठेवूचा रवला." म्हणजे ती हसताना ऐकत होती तर. आणि होडी उलटली त्या दिवसापासून आमच्या दाराला रात्रीची कडी नाही. कडी गंजली, सरकत नाही, असं ती म्हणते. मी कसालहून नवी कडी नेऊन दिली, ती तांदळाच्या डब्यात सापडली. रात्री वाऱ्याने दार हलतं, कुत्री आत येऊन झोपतात, एकदा मुंगूस येऊन गेलं. मी शनिवार-रविवार घरी असले की जागी राहून ते हलणारं दार ऐकत राहते. मला भीती वाटते. चोराची नाही, विनीतची तर नाहीच. मला भीती वाटते ती अशी की आई एक दिवस म्हातारपणाने अंथरुणाला खिळेल आणि तरीही हे दार असंच हलत राहील, आणि मग ते ऐकायला मी एकटी असेन. मला हे संपायला हवं आहे. हे वाक्य मी एसटीत पहिल्यांदा पूर्ण केलं, आणि शेजारच्या बाईने माझ्याकडे बघितलं, म्हणजे बहुधा तोंडाने केलं.

हे सगळं भटजींनी सुरू केलं. गेल्या महिन्यात त्यांनी बाबलीच्या हाती निरोप धाडला. ते आता घराबाहेर पडत नाहीत, दोघांनी धरून आणावं लागतं. निरोप असा होता की माझ्या तोंडून जित्या माणसाचं नाव गेलं, आता माझ्याच तोंडून ते पुरं होऊ दे, माझे दिवस राहिले नाहीत. मला आधी राग आला. ओझं तुमचं, ते उतरवायला तुम्हाला आमचा माणूस हवा. मग मी भेटायला गेले, तर म्हातारा खाटेवर माझा हात धरून रडला, आणि मी उद्याचा दिवस कबूल करून आले. हीच माझी खोड आहे, रडणाऱ्या माणसाला मी नाही म्हणू शकत नाही. आणि जी रडत नाही तिला विचारू शकत नाही.

जामसंड्याला उतरले तेव्हा दिवे लागले होते. आई ओट्यावर बसून माडाच्या हिराचे झाडू बांधत होती. मला बघून तिने नेहमीसारखं विचारलं की गाडीला गर्दी होती का, लग्नाचं काय ठरवलंस, आणि या दोन्हींची उत्तरं न ऐकता आत जाऊन पाणी ठेवलं. जेवायला पेडवे मासे होते, तिखलं केलेलं. तेही तिघांचं. उद्याचं तिने काढलं नाही, मीही नाही. पण कोपऱ्यात दर्भाची जुडी होती, बाबलीने आणून ठेवलेली, आणि तिच्या शेजारी एक सोललेला नारळ. तो सोललेला माझ्या लक्षात आला. बाबली नारळ सोलून देत नाही. शेंडी ठेवून इतका निगुतीने सोललेला नारळ आमच्या घरात एकच माणूस सोलतं. मी आईकडे बघितलं, ती ताक वाढत होती.

भांडी झाल्यावर मी तिला सांगितलं की पिक्चर आलाय. ओमकार आता मुंबईला मालिकांच्या एडिटिंगला असतो. गणपतीत त्याचा फोन आला होता, पिक्चर नेटवर लावू का म्हणून विचारायला, मी लाव म्हटलं होतं आणि स्वतः बघितला नव्हता. आईने हात पदराला पुसले आणि म्हणाली, लाव. मी मोबाईल तांब्याला टेकवला. आम्ही दोघी जमिनीवर बसलो. लाल अक्षरं ठिबकत आली, पोरं समुद्रावर नाचली, विनीत नाचला. तो किती वाईट नाचायचा हे मी विसरले होते. आई चित्राकडे सरकली, इतकी की मला तिची पाठच दिसायला लागली. पुतळ्याच्या वेळी भटजींचा आवाज आला, विनीत, आणि आईने मान डोलावली, हजेरी घेताना पोरं डोलावतात तशी. मग भूत पहिल्या मित्राच्या दारात उभं राहिलं आणि त्याला शिंक आली. ओमकारने ती काढूनच टाकली नव्हती. "दाबता बघ शिंक," आई म्हणाली, आणि हसली. खरोखर हसली, खांदे हलेपर्यंत. मीही हसले. मला वाटलं इथेच थांबवावं. बोट पुढे नेलं होतं, पण तिने ते बाजूला केलं. आमचं दार आलं. कुरकुर. आईचा स्वतःचा चेहरा आला, तेव्हाचा, भरलेला. समोर तो, निथळत. आणि मग हिरव्या बांगड्यांचा हात, करंगळी बाहेर, आणि चेहरा अरुंद होत होत गेला, आणि एक ठोका. पुढे कितीतरी नावं खालून वर सरकत राहिली. त्यांत आमची दोघींची होती.

आईने ती काळी झालेली काच पदराने पुसली. मग म्हणाली, "तो हात माझो न्हय."

"माझो," मी म्हटलं.

"ठावक आसा. करंगळी बघितलंय." तिने माझा उजवा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि ती करंगळी मिटवून बाकीच्या बोटांत बसवली, लहानपणी बसवायची तशी. ती पुन्हा बाहेर आली. तिने पुन्हा मिटवली. मला रडू आलं, आणि मी ते आवरलं नाही. आई रडत नव्हती. ती माझ्या हाताशी बोलावं तशी खाली बघून म्हणाली, "उद्या तूच कर. माझ्या हातान तेव्हा पण झाला नाय."

मला हेच हवं होतं, दिवसभर, तीन वर्षं, आणि आता मिळाल्यावर ते परत देता आलं असतं तर मी दिलं असतं. आई उठली, दर्भाची जुडी उंदरांपासून वर फळीवर ठेवली, नारळ तिच्याशेजारी ठेवला, चटई टाकली. मग माझ्याकडे पाठ करून म्हणाली, दार लाव, डास येतात. मी दाराशी गेले. बाहेर अंगण, विहीर, पलीकडे टेम्पो उभा असायचा ती मोकळी जागा. ओहोटी असावी, समुद्र लांबून ऐकू येत होता. मी दाराला हात लावला आणि मागून आईचा आवाज आला.

"लावच्या आदी विचार तेका."

मी अंगणाकडे तोंड करून विचारलं, "जेवलंस रे?" माझा आवाज आईसारखा निघाला. तोंडात घास असलेल्या माणसाला उत्तर द्यायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ मी थांबले. मग दार लावलं आणि कडी सरकवली. ती अडली नाही, आवाजही झाला नाही. तिला खोबरेल लावलेलं होतं, आणि बोटाला लागलं ते ताजं होतं.